रात्री अडीचचं रडणं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री दोन चाळीसला आलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा ठेवताना पाहिला. ‘काकू, हा थांबतच नाहीये. बाबा म्हणतात रडू दे, दोन दिवसांत होईल गप्प. काय करू?’ फोनवर एवढं टाइप करायचं माझ्या अंगठ्यांना झेपत नाही, म्हणून वहीचे कागद फाडून लिहितेय. फोटो काढून पाठवते.

बाबांना सांग, काकू नाही म्हणाल्या. आणि हेही सांग की पंचवीस वर्षांपूर्वी काकूसुद्धा अगदी असंच म्हणायच्या. माझ्याकडचं पहिलं पिल्लू मी बाथरूममध्ये कोंडून झोपवलं होतं. खाली पोतं, बाजूला पाण्याची वाटी, दिवा चालू, म्हणजे माझ्या मते थाटच. तिसऱ्या रात्री ते गप्प झालं आणि मी शेजारणीला म्हटलं, बघा, लागली की नाही सवय! सवय कसली, हाक मारून कुणी येत नाही एवढं त्याला कळलं होतं. पुढे ते कुत्रं अकरा वर्षं जगलं, पण बाथरूमच्या दाराची कडी वाजली की शेवटपर्यंत सोफ्याखाली जाऊन बसायचं.

ढब्या (तू नाव बदललंस हे कळलं, पण ते नवीन इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेपर्यंत तो ढब्याच) आज नऊ आठवड्यांचा आहे. शनिवारी दुपारपर्यंत तो त्याच्या आईच्या, तांबडीच्या पोटाशी, चार भावंडांच्या ढिगात झोपत होता. त्या ढिगात कुणाचा पाय कुणाच्या तोंडात हेही कळायचं नाही. आणि रात्री एकदम गुळगुळीत फरशी, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि अंगाला लागून कुणीच नाही. रस्त्यावर एवढं पिल्लू आईपासून सुटलं तर फार काळ टिकत नाही. ओरडणं हा त्याच्याकडचा एकुलता एक उपाय, तो ते करणारच. त्याला हट्ट म्हणू नकोस.

तर आज रात्री असं कर. टीव्हीचा नाहीतर मिक्सरचा मोठा खोका घे, एक बाजू खाली कापून दार कर, आणि तो तुझ्या पलंगाला अगदी चिकटवून ठेव. आत मी दिलेलं गोणपाट टाक. ते धुतलं नाहीस ना? आजींनी भिजत घातलं असेल तर काय बोलणार, पण नसेल तर तसंच राहू दे, त्याला तांबडीचा वास आहे. कुरकुर सुरू झाली की बोलायचं नाही, उठायचं नाही, फक्त हात खाली सोडायचा. तुझ्या बोटांवर नाक टेकून तो झोपेल. काही लोक खोक्यात टिकटिक करणारं घड्याळ ठेवायला सांगतात, आईच्या काळजाचे ठोके म्हणून. मी ठेवून पाहिलंय. पिल्लाने त्याचा पट्टा खाल्ला.

पलंगावर घ्यायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझी ना नाही. फक्त एकदा घेतलंस की ते कायमचं समज, कारण हाच प्राणी वर्षभरात पंधरा-अठरा किलोचा होणार आहे आणि तेव्हा ‘आता खाली झोप’ म्हटलेलं त्याला मुळीच पटणार नाही. खाली झोपवायचं असेल तर आठ-दहा रात्री गेल्यावर खोका दर दोन दिवसांनी हातभर लांब सरकव. त्याला कळणारही नाही.

हात सोडूनही रडणं थांबलं नाही, तर त्याला शू लागली आहे. एवढ्या पिल्लाला रात्री तीन तास धरवलं तरी पुष्कळ. तू अकराला झोपतेस, म्हणून दोनचा आणि पाचचा गजर लाव आणि तो रडायच्या आधी तूच ऊठ. दिवा न लावता उचल, बाल्कनीत ने, झालं की परत खोक्यात. त्या वेळी लाड नकोत, खेळ नको, नाहीतर रात्री दोनला दंगा करायची वेळ असते असं तो शिकेल. साधारण चार महिन्यांचा झाला की हे गजर सुटतात. तोवर कॉफी पी.

शूवरून आठवलं. शनिवारी तुमच्याकडे अर्धा तास बसले होते, तेवढ्यात मी मोजलं. तू ‘शू कर’ म्हणालीस, आजी ‘सू-सू सू-सू’ करत होत्या, बाबा नुसतं ‘ए!’ आणि तुझा भाऊ ‘कम ऑन, कम ऑन’. चार माणसं, चार भाषा. सगळ्यांना जेवायला बसवून एक शब्द ठरवा. जागाही एकच. बाल्कनीच्या कोपऱ्यात एका पसरट ट्रेमध्ये माती भर, त्याच्याच शूने भिजलेला कागदाचा तुकडा पहिल्या दिवशी वर ठेव. झोपून उठला की तिथे, खाऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की तिथे, खेळ थांबला की तिथे. जमिनीला नाक लावून गोल गोल फिरायला लागला तर हातातली पोळी तव्यावर जळू दे, आधी त्याला उचल. आणि शाबासकी तिथल्या तिथे दे. त्याने शू केली आणि तू बिस्किट आणायला स्वयंपाकघरात पळालीस, तर बिस्किट कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. खाऊ गाऊनच्या खिशात ठेव.

घरात सांडलं तर पुसायचं आणि विसरायचं. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, हे आपल्याकडे अजून चालतं. त्याने पिल्लू एकच गोष्ट शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते कपाटामागे जाऊन करतं आणि आपण म्हणतो लबाड आहे. फिनेलने पुसू नका. आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याच्या नाकाला आपली जागा बरोबर सापडते, आणि पाय चाटला की फिनेल पोटात जातं ते वेगळंच. पाळीव प्राण्यांच्या दुकानात शूचे डाग विरघळवणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते आण.

आता जरा नीट वाच.

२००९च्या जुलैत माझ्याकडे एक पांढरी पिल्ली होती, डाव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ. एवढी गोड की मला राहवलं नाही. लशीची एकच मात्रा झालेली असताना मी तिला वेताळ टेकडीवर घेऊन गेले, लोकांना दाखवायला. ओल्या मातीत सोडली, मनसोक्त हुंदडली. पाचव्या दिवशी तिने सकाळचं खाणं हुंगून सोडलं. दुपारी उलटी. मी म्हटलं पावसाळी हवा आहे, सकाळी बघू. रात्री रक्ताची पातळ शी सुरू झाली, तो वास मी अजून ओळखते. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा आजार. डॉक्टरांनी तीन दिवस सलाइन लावलं, त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. उशीर माझा होता.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. बाधित कुत्रा तिथून कधीच निघून गेलेला असतो, माती तशीच दिसते. साबणाने तो मरत नाही, पाण्यात घातलेल्या ब्लीचने मरतो. म्हणून ढब्याच्या लशी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे तो सोळा आठवड्यांचा होऊन शेवटची मात्रा मिळेपर्यंत, सोसायटीच्या बागेत त्याचे पाय टेकवायचे नाहीत. दवाखान्यातसुद्धा. तिथे आजारी कुत्रीच येतात, तेव्हा नंबर येईपर्यंत मांडीवर धर. बाहेरच्या चपला दाराबाहेर. खाणं सोडलं आणि उलटी झाली, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता नीघ. हिरडी बोटाने दाबून बघायला शीक. दाबल्यावर पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. आज तो ठणठणीत असताना चार वेळा करून बघ, म्हणजे नेहमीचा रंग डोळ्यात बसेल.

पण म्हणून त्याला चार भिंतींत ठेवू नकोस, इथेच खरी गोम आहे. पिल्लाचं मन जगाला सरावतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. त्या काळात जे पाहिलं-ऐकलं ते आपलं, नंतर भेटलं ते संशयास्पद. लशी सोळाव्या आठवड्याला पुऱ्या होणार आणि हे दार त्याआधीच लागत येणार. त्यामुळे पाय टेकवायचे नाहीत, पण कडेवर घेऊन सगळीकडे न्यायचं. तुमचं घर राजाराम पुलाजवळ आहे, नदीकाठी ढोलपथकांचे सराव आता सुरू होतील. पहिल्या दिवशी इतक्या लांब उभी राहा की त्याचे कान हलतील पण तो खाऊ घेईल. खाऊ घेणं थांबवलं की मागे फीर, इतकं जवळ त्याला झेपत नाही. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, कचऱ्याची घंटागाडी, बुरखा, रेनकोट, लहान मुलांचा घोळका, सगळं दाखव. घरी कुकरची शिट्टी व्हायच्या वेळेला त्याचं ताट लाव. दिवाळीत हा सहा महिन्यांचा असेल. तेव्हा फटाक्यांना थरथर कापायचं की नाही, याची बरीचशी तयारी या महिन्यात होते.

चावण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनगटावरचे ओरखडे मला दिसले. दुधाचे अठ्ठावीस दात आहेत, सुईसारखे, सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे पडून पक्के येतील. तोवर तो चावणार. हात हे खेळणं नाही एवढं पाळ: जोरात लागलं की हात सैल सोड, खेळ बंद, उठून पाठ फिरव, अर्ध्या मिनिटाने ये आणि दोरीचा गोळा दे. त्याच्या भावंडांनीही त्याला असंच शिकवलं असतं, मी तुझ्या सोयीसाठी त्यांच्यापासून सोडवला. मात्र कातडी फाटली तर धावत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धू आणि डॉक्टरकडे जा, तो घरातला आहे, गोड आहे, या सबबी नकोत. रेबीजची लस त्याला तीन महिने पूर्ण झाल्यावरच मिळणार आहे आणि हा आजार एकदा उमटला की औषध नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आजींना आत्ताच सांगून ठेव.

खाण्याचं थोडक्यात. मी देत होते तेच आठवडाभर दे, दिवसातून चार वेळा, मग बदलायचं तर हळूहळू मिसळत. दूध-पोळी नको, गाईच्या दुधाने यांचं पोट सुटतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. म्हणजे रस्सा बंद आणि आजींच्या प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकाही बंद. शिजलेलं हाड देऊ नका, त्याच्या चिरफळ्या होतात. ताप वाटला तर आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही.

सोमवारी तुझं ऑफिस आहे. आजी घरी असतात म्हणून तू निर्धास्त आहेस, पण त्याला तुझ्या जाण्याची सवय आधी लाव. आज दिवसभरात वीस वेळा स्कूटीची किल्ली उचल आणि परत खुंटीला अडकव. चप्पल घाल आणि सोफ्यावर बसून पेपर वाच. दार उघड, लाव, मध्ये काही नाही. मग बाहेर जाऊन पाच आकडे मोज आणि ये. मग पन्नास. येताना ‘अगं बाई माझं सोनं’ करत मिठी मारू नकोस, पाणी पी, मग त्याच्याकडे बघ. आजींना वेड लागलंय असं वाटेल. वाटू दे.

हॉलमध्ये जुनी सतरंजी पसर, त्या चकचकीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात. बाल्कनीच्या गजांना जाळी बांध, ढब्याचं डोकं त्यातून जातं, मी बघितलं. सचिवांनी लिफ्टबद्दल काही म्हटलं, तर भांडू नकोस. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही, तो कागद मी पाठवीन. पण कागद दाखवायच्या आधी ढब्याला दाखव. रेबीजची लस झाली की महापालिकेचा परवाना काढू, मी येते बरोबर.

तांबडीची नसबंदी परवा आहे. पिल्लं जिथे होती त्या बंद रिक्षाखाली रोज संध्याकाळी येऊन हुंगून जाते. उरलेल्या दोघांना घर मिळालं की तेही बंद होईल.

लशीच्या कार्डावर पुढच्या मात्रेची तारीख मी पेन्सिलीने लिहिली आहे, पेन सापडत नव्हतं. ती पेनने गिरव आणि कार्ड फ्रिजवर लाव, पण वरच्या बाजूला. खालच्या बाजूला ढब्या पोचतो.

तुझी,
काकू