प्रॉटेस्टंट घरात वाढले, पुण्यात चर्च शोधते आहे. कॅथलिक व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की घर नगर जिल्ह्यातलं, सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचं. नोकरीमुळे पुण्यात आलात, इथे कधी कॅम्पातलं इंग्रजी चर्च, कधी हॉलमध्ये भरणारी फेलोशिप असं करत फिरलात. मग मैत्रिणीबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, गेलात आणि तेव्हापासून कॅथलिक व्हायचं मनात घोळतंय. आई मात्र म्हणते, "मूर्तींपुढे गुडघे टेकायला तुला वाढवलं नाही."

मीही नगरकडच्याच सीएनआय घरातली. काही वर्षांपूर्वी कॅथलिक झाले आणि आता आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नव्याने येणाऱ्यांच्या वर्गाला मदत करते. तेव्हा माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

मिस्सा आवडली, एवढ्यासाठी कॅथलिक होऊ नका. कॅथलिक चर्च स्वतःबद्दल जे सांगतं ते खरं आहे असं पटलं तर व्हा, आणि तसं पटलं तर मग रेंगाळू नका.

यासाठी आधी एक करा. एखाद्या रविवारी गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात उपासनेला जाऊन या. मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, रानडे यांच्यावर झालेल्या ग्रामण्यामुळे पंचहौद मिशनचं नाव मराठी माणसाला माहीत असतं, पण आत जाऊन उपासना पाहिलेले फार थोडे. वेदी, झगे, ठरलेल्या प्रार्थना, मधूनमधून गुडघ्यांवर येणं, हे सगळं तिथे मराठीत आहे आणि ते चर्च सीएनआयचंच आहे. आपल्या नगरकडच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. ती मिशनरी मंडळी 1831 पासून नगरात होती, काँग्रिगेशनल परंपरेतली, म्हणून आपल्याकडे व्यासपीठ, बायबल, उपदेश आणि भजनं असा साधा बाज. पंचहौद अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. 1970 साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. तुम्हाला ओढ लागली ती नेमकी कशाची, हे तिथे कळेल. गांभीर्य आणि शिस्तबद्ध उपासना हवी असेल तर ती तुमच्याच चर्चमध्ये आहे, त्यासाठी आईशी वैर घ्यायची गरज नाही. तिथून बाहेर पडतानाही मन मिस्साकडेच ओढलं, तर मात्र प्रश्न उपासनेच्या पद्धतीचा उरत नाही. तो चर्चच्या अधिकाराचा आणि ख्रिस्तशरीराचा, म्हणजे कम्युनियनमध्ये नेमकं काय मिळतं याचा, आहे.

अधिकाराचं आधी सांगते, कारण मुलं-मुली इथेच अडखळतात. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला कॅथलिक चर्चमध्ये घेतात तेव्हा सगळ्यांसमोर त्याला एक वाक्य म्हणावं लागतं. जे जे देवाने प्रकट केलं आहे असं कॅथलिक चर्च मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं, त्या सगळ्यावर माझा विश्वास आहे, असा त्याचा अर्थ. 'सगळ्यावर' म्हणजे मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवावरही (ती आईच्या पोटी आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त होती, ही 1854 साली जाहीर झालेली शिकवण), तिच्या स्वर्गोन्नयनावरही (तिला देहासह स्वर्गात घेतलं, ही 1950 सालची), पोपच्या अधिकारावरही. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना चर्चचा नकार आहे, सीएनआयमध्ये स्त्रिया पाळक होतात तशा इथे होत नाहीत, हेही आलंच. लग्नानंतर बघू, असं म्हणून हे पुढे ढकलू नका. एकेक विषय कॅथलिक शिकवणीच्या ग्रंथातून स्वतः वाचा आणि फादरांना स्पष्ट विचारा. अवघड प्रश्नांनी चिडणारे फादर भेटले तर दुसऱ्या धर्मग्रामात जा. पुण्यात रामवाडीला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ आहे, शिकवणारे आणि शिकणारे धर्मगुरू या शहरात भरपूर आहेत.

पंडिता रमाबाई या बाबतीत फार जवळच्या वाटतात. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन सिस्टरांनी त्यांना जीव लावला, पण बिशप किंवा धर्मगुरू सांगतील ते सगळं मानायला त्या तयार झाल्या नाहीत आणि तसं त्यांनी पत्रांतून स्वच्छ कळवलं. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा त्यामुळे कमी ठरत नाही. तुमचं मनही शेवटी रमाबाईंसारखंच म्हणत असेल, तर प्रामाणिकपणे प्रॉटेस्टंट राहा. मनात हे ठेवून वेदीपुढे ते वाक्य म्हणणं मात्र बरोबर नाही.

मला वळवलं ते योहानाच्या सहाव्या अध्यायाने. 'माझा देह खरं खाद्य आहे' असं येशू म्हणतो, ऐकणारे बिथरतात, पुष्कळ शिष्य सोडून जातात आणि तो त्यांना थांबवत नाही. मी फक्त उपमा दिली होती, असं म्हणत नाही. लहानपणापासून वाचलेला अध्याय, पण तेवढ्यावर कधी नजर थांबली नव्हती. मग अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस वाचला. इ.स. 110च्या सुमारास शिपाई त्याला रोमला मारायला नेत होते आणि वाटेत तो मंडळ्यांना पत्रं लिहीत होता. प्रभुभोजन हे आपल्या तारणाऱ्याचा देह आहे हे काही लोक कबूल करत नाहीत, अशी तक्रार तो स्मुर्णाच्या मंडळीला लिहितो. प्रेषितांच्या इतक्या जवळचा माणूस हे गृहीत धरून बोलतो, ही गोष्ट मला काही केल्या बाजूला सारता येईना.

आणि एक अनुभव सांगते, तो तुम्हालाही येईल. आपल्या चर्चमध्ये पाहुण्यालाही प्रभुभोजनाला बोलावतात. कॅथलिक चर्चमध्ये तुम्ही अजून घेऊ शकत नाही. कम्युनियनची रांग सुरू झाली की बाकावरचे सगळे उठतात, तुम्ही गुडघे आडवे करून त्यांना वाट देता आणि मग अख्ख्या बाकावर तुम्ही एकट्याच. पहिल्या काही वेळा मला ते अपमानासारखं लागलं. पुढे कळलं की जे देतात ते हे लोक खरोखरच प्रभूचं शरीर मानतात, म्हणूनच सहज देत नाहीत. तो काळ घाईने संपवू नका. कुणी 'चल, काही होत नाही' म्हणालं तरी रांगेत जाऊ नका.

आईच्या मूर्तींच्या मुद्द्याचं उत्तर चर्चने इ.स. 787 मध्येच, निकियाच्या दुसऱ्या परिषदेत दिलं आहे: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला दिलेला मान ज्याची प्रतिमा त्याला पोचतो. 'नमो मारिया' या मरीयेच्या प्रार्थनेचा पहिला भाग तर लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, गब्रिएल आणि अलीशिबेच्या तोंडचा. आईला तो उघडून दाखवा. पण वाद घालायला बसू नका. नगर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मरीयेची भक्ती म्हटलं की हरेगावची मतमाउलीची यात्रा येते. सप्टेंबरमधली ती गर्दी, मेणबत्त्या, नवस, सगळ्या धर्मांचे लोक. त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात काय असतं त्यावरून शिकवण ठरत नाही, हे आईला समजायला वेळ लागेल. मिस्सात कुठे आरती ओवाळताना, समई लावताना दिसली तर ती अजूनच बिथरेल. त्याला रोमची परवानगी 1969 पासून आहे. आपल्या माणसांना, ज्यांनी हे सगळं मागे सोडलं, ते पाहून कसंनुसं होतं आणि ते स्वाभाविक आहे.

आईला दिलासा देणारी गोष्ट वेगळीच आहे. फेलोशिपमध्ये तुम्हाला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. कॅथलिक चर्च तसं सांगणार नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला तुमचा लहानपणचा बाप्तिस्मा ते खरा मानतं आणि बाप्तिस्मा दोनदा होत नाही. आई तुम्हाला कडेवर घेऊन ज्या वेदीपुढे उभी होती, तिथे झालेलं काहीच पुसलं जात नाही. मी हे आमच्या आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी या विषयावर शांतपणे बोलली. सोडलेल्या चर्चला नावं ठेवायची नाहीत, हेही मी तेव्हाच ठरवलं. बायबल मला त्यांनीच हातात दिलं. कॅथलिक बायबलात 66 ऐवजी 73 पुस्तकं आहेत, ती जास्तीची सात सावकाश वाचा. त्यांतल्या बेनसिराच्या पुस्तकाने सुरुवात केलीत तर आवडेल.

लग्न हे कारण असेल तर (तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण वर्गात निम्म्या वेळा तेच निघतं) धर्मांतराची गरजच नाही. बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंट व्यक्तीशी कॅथलिक माणसाचं लग्न बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये लागतं. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं.

इथे आल्यावर काही गोष्टी सुटतील, त्याही सांगायला हव्यात. पुण्यात बऱ्याच धर्मग्रामांत मुख्य मिस्सा इंग्रजीत असते, मराठीची वेळ वेगळी असते आणि ती गाठावी लागते. गोव्याची, मंगळूरची, तमिळ, मल्याळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात, त्यांत नगरकडचं माणूस सुरुवातीला एकटं पडतं. मिस्सा संपली की पाच मिनिटांत अंगण रिकामं. आपल्याकडे उपासनेनंतर तासभर कुणी हलत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर, टाळांवर म्हणत वाढलेल्या माणसाला हे जड जातं, मला अजूनही जातं. म्हणून एकच धर्मग्राम धरा आणि निदान एक पूर्ण वर्ष तिथेच जा: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर. दर रविवारी नवं चर्च पाहत राहिलात तर कुठलंच कळणार नाही. पाट्याही नीट वाचा. सिरो-मलबार चर्च कॅथलिकच आहे, फक्त विधी वेगळा. ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा मात्र पोपच्या अखत्यारीत नाहीत.

ठरलंच तर मिस्सानंतर ऑफिसात जाऊन धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना भेटा आणि सरळ सांगा, माझा बाप्तिस्मा झालेला आहे, मला कॅथलिक व्हायचंय. ते वर्गाला पाठवतील. बाप्तिस्मा न झालेल्यांना ईस्टरच्या आदल्या रात्री घेतात, तुम्हाला मात्र तयारी झाली की वर्षात केव्हाही घेता येतं. त्या दिवशी विश्वास जाहीर करणं, दृढीकरण (पवित्र आत्म्याच्या दानासाठी तेल लावण्याचा संस्कार) आणि पहिलं ख्रिस्तशरीर, एवढं होतं. त्याआधी प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यापासून आजवरच्या आयुष्याची कबुली. सगळ्यात धास्ती याचीच वाटते. मी कागदावर लिहून नेलं होतं, वाचताना आवाज फुटेना. फादर मध्ये काहीच बोलले नाहीत, शेवटी क्षमेचे शब्द म्हणाले आणि म्हणाले, कागद घरी जाऊन फाडून टाक. हे भय धरून मागे फिरू नका.

दृढीकरण झालेली एखादी कॅथलिक व्यक्ती सोबतीला लागेल, तुमची ती मैत्रीण चालेल. आणि बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. पुढच्या वेळी गावी गेलात की पाळकांकडून रजिस्टरमधला उतारा सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवा. कशासाठी हवाय असं ते विचारतील, तेव्हा खरं कारण सांगा. आणि पाळकांकडे जाण्याआधी ते आईला सांगा, म्हणजे तिला ते मंडळीतल्या दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.