वाचता येत नाही, तरी नजर हटत नाही

प्रश्न : ताई, मी सोलापूरचा, वीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले, फ्लेक्स आल्यापासून काम फार कमी झालंय. हल्ली मोबाईलवर चिनी लोक ब्रशने अक्षरं काढतात ते व्हिडिओ बघतो. एक अक्षर कळत नाही तरी तासभर बघत बसतो. असं का होत असेल? आणि या वयात मला ते जमेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, पत्र वाचून खूप बरं वाटलं. तुमच्याकडे पूर्व भागात तेलुगू पाट्या असतातच, वाचता येत नसलं तरी कुठलं अक्षर चांगल्या हाताचं आहे ते तुम्हाला लांबूनच कळत असणार, तसंच आहे हे. पण बोर्डावर आपण आधी खडूने आखतो, मग कडा नीट करतो, शाईत ती सोयच नाही, कागद शाई लगेच पितो आणि परत ब्रश फिरवला की ते दिसतं. त्यामुळे हात कुठे दाबला, कुठे पळाला, शाई कुठे संपत आली, सगळं तसंच राहतं.

चीनमध्ये यान झेनचिंग म्हणून एक मोठा अधिकारी होता, बंडात त्याचा पुतण्या मारला गेला, तेव्हा इ.स. ७५८ मध्ये त्याने श्रद्धांजलीचा कच्चा मसुदा लिहिला. तो आज तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. त्याचा फोटो मोठा करून नक्की बघा. सुरुवातीला हात सावरलेला आहे, पुढे वेग वाढतो, शब्द खोडलेत, बाजूला घुसवलेत, ब्रश कोरडा पडून रेघ फाटली तरी गडी लिहितोच आहे. मला तर ते बघताना भरून येतं. चिनी लोक या मसुद्याला सगळ्यात थोर अक्षरांमध्ये धरतात, खाडाखोडीसकट.

जमेल का म्हणाल तर नक्की जमेल, तुमचा हात तयार आहे. फक्त ब्रश उभा धरायचा आणि मनगट टेकवायचं नाही, खांद्यापासून हात हलू द्यायचा. महागडा कागद लगेच घेऊ नका. चीनमध्ये बागेत म्हातारी माणसं लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर लिहितात, तुमच्या दारात शहाबादी असेल तर तेच करा, सोलापूरच्या उन्हात एक ओळ वाळेपर्यंत दुसरी होईल. आधी नुसती आडवी रेघ, टेकवायचं, दाबायचं, ओढायचं, शेवटी परत दाबून मागे वळवून उचलायचं, असं महिनाभर. मग 永 हे अक्षर घ्या, अर्थ ‘कायमचं’, चिनी अक्षरांच्या मूळच्या आठही रेघा त्या एकात येतात.