मेमो काढायच्या आधी मस्टर वाच

बेटा,

तुझा मेसेज वाचला. मॅनेजरने आजारी खाड्यांची लिस्ट मागितली आणि जास्त खाडेवाल्यांना मेमो द्यायचाय म्हणे. लिस्ट दे, पण आधी एक दुपार मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, घेऊन बस आणि एक-दोन दिवसांचे खाडे वेगळे काढ, आठवड्याच्या वरचे वेगळे.

छोट्या खाड्यांमध्ये सगळा आजार नसतो रे. आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, जूनची पेरणी, तेव्हा मस्टरवर सगळ्यांनाच ताप असतो, कारण खरं कारण सांगून सुट्टी मिळत नाही हे पोरांना पक्कं माहिती. त्यांना सुट्टी आधीच ठरवून दे, बराचसा ताप तिथंच उतरेल.

मला काळजी लांबच्या खाड्यांची आहे. जो माणूस महिनाभर घरी बसलाय त्याचं मागचं मस्टर काढ आणि फर्स्ट एडवाल्याला विचार की हा डोकेदुखीची गोळी मागायला किती वेळा यायचा. आपल्या जळगावच्या एमआयडीसीत मे महिन्यात बाहेरच ४४-४५ डिग्री, त्यात पत्र्याचं शेड, शेजारी प्लास्टिक वितळवणारं मशीन, आणि रातपाळीला झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू आणि जेवणाच्या जागी गोड चहावर चहा. बीपी असं गुपचूप वाढत जातं, काहीच दुखत नाही. विचारलं तर "आंग दुखी ऱ्हायनं" एवढंच सांगतील. दोन-तीनदा मोजून १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टरकडे पाठवच, आणि दिवसपाळीवाल्यांना मोजून मोकळा होऊ नको, रातपाळीला स्वतः जा.

दालमिलमध्ये गेलास तर पोती उचलणाऱ्यांची कंबर आणि धुळीचा खोकला आधी बघ. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात, तिथं फुकट होतं.

आता पैशाचं. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचा ०.७५ टक्का ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, कापला जातो, पण आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात हे कितीतरी जणांना माहितीच नसतं, टीबीसारख्या लांबच्या आजाराला तर त्याहून जास्त आणि जास्त काळ. मात्र पहिले दोन दिवस सहसा काही मिळत नाही. म्हणून माणूस एका दिवसाच्या तापाला दिवसाची मजुरी बुडवत नाही, अंगात ताप घेऊन मशीनवर उभा राहतो, आणि हा माणूस तुझ्या लिस्टमध्ये कुठेच दिसत नाही. मला विचारशील तर तोच सगळ्यात धोक्यात आहे. ठेकेदाराच्या पोरांचे ईएसआय नंबर खरंच चालू आहेत का तेही बघ, नुसत्या पगाराच्या स्लिपवर जाऊ नको.

अजून एक, बीपी-शुगरचे आकडे सुपरवायझरच्या हातात पडू देऊ नको. एकाचं जरी काम त्यावरून गेलं तर पुढच्या वेळी कोणी हात पुढे करणार नाही. मला लिस्ट दाखवायची तर नावं झाकून पाठव.