ऑफच्या दिवशी जादा ड्युटीला 'नाही' म्हटलं की दिवसभर टोचत राहतं. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की सोलापुरात खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहात, ऑफच्या दिवशी इन्चार्ज सिस्टरचा फोन येतो, 'नाही' म्हटलं की वॉर्डातले पेशंट डोळ्यांपुढे येतात आणि आपण स्वार्थी आहोत असं वाटतं. मी याच गावात सोळा वर्षं हेच काम करते. माझीही टोचणी पुरती गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण एका सकाळी तिचा जोर ओसरला, ती गोष्ट सांगते.

संक्रांतीचा आठवडा होता. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला, निम्मा स्टाफ रजेवर. मी दुपारी दोनला इव्हिनिंगला गेले. रात्री आठला नाइटची मुलगी आलीच नाही. इन्चार्ज म्हणाल्या, "काढ गं एवढी रात्र, तुझ्याशिवाय कोण आहे मला?" हे वाक्य ऐकलं की माझ्या तोंडून 'हो'च निघायचं. काढली रात्र. सकाळी सातला नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं. आमच्या वॉर्डात चाळीसची व्हायल, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट, आणि तिच्यासाठीची लाल टोपीची सिरिंज, हाताला तीच सवय. त्या दिवशी नऊ नंबर कॉटच्या पेशंटने घरची व्हायल आणली होती, ती शंभरची. मी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये सोळाच्या रेघेपर्यंत ओढलं, टिचकी मारून बुडबुडा काढला, दंडाला स्पिरिट लावलं. त्यांची बायको स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "सिस्टर, आमच्या घरी नारिंगी टोपीची असते की ओ."

तुम्हाला हिशेब सांगायला नको, इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. लाल टोपीच्या सिरिंजवरची सोळाची रेघ म्हणजे ०.४ मिली. चाळीसच्या औषधात ते सोळा युनिट होतात, शंभरच्या औषधात चाळीस. सरळ अडीचपट. आणि नाश्त्याची गाडी यायला अजून अर्धा तास होता.

काही झालं नाही. ती सिरिंज टाकली, नारिंगी टोपीची मागवली, सोळाच दिले. मावशी मागून म्हणाल्या, "सिस्टर, उभ्या उभ्या झोपलालाव की काय?" चेष्टेनंच म्हणाल्या, पण खोटं नव्हतं. आठला इन्चार्ज आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून निभावलं." मी काहीच बोलले नाही. घरी जाताना रिक्षात डोक्यात एकच चाललेलं. याआधी दोनदा 'नाही' म्हटलं होतं, ते मी महिनाभर मनात घोळवलं होतं. आणि या 'हो'ने एक माणूस जाता जाता राहिला, त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

नंतर वाचनात आलं की १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं होतं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यावर जेवढं चुकतं तेवढं चुकतं. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. मी त्या सकाळी पंचवीस तास जागी होते. तेवढ्या गुंगीला दारूचा वास असता, तर सात रस्ता चौकात पोलिसांनी स्कूटरची चावी काढून घेतली असती. वॉर्डात मात्र माझ्या हातात औषधाच्या कपाटाची चावी होती.

अमेरिकेतल्या ३९३ नर्सेसनी आपापल्या ड्युट्यांची नोंद ठेवली, त्यावरचा अभ्यास २००४ साली आला. सलग साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चुकीची शक्यता तिप्पट. म्हणून 'पेशंटसाठी यायला हवं होतं' असं मन म्हणायला लागलं, की त्याला विचारायचं, कुठल्या अवस्थेत यायला हवं होतं?

दुसरी एक गोष्ट आपल्याला कुणी सांगतच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं जे प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचामागे एक, त्याच्यावर आणखी ३० टक्के जागा रजेसाठी राखीव धरायला सांगितल्या आहेत. म्हणजे बाळंतपण, ताप, पोराची परीक्षा, साप्ताहिक सुट्टी हे सगळं त्या आकड्यात आधीच धरलेलं आहे. तुम्ही आज घरी असणार, हे गृहीत धरूनच माणसं भरायची असतात. ती भरली नाहीत तर तेवढे पगार वाचतात, आणि ते कुणाचे वाचतात हे तुम्हाला माहीत आहे. मग वॉर्ड उघडा पडला की फोन मात्र तुम्हाला.

माझी आई विड्या वळायची. दिवसाला हजार. सूप मांडीवर, भिजवलेली पानं कात्रीने कापायची, संध्याकाळी मोजून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. हजार भरले की सूप भिंतीला टेकवलं, संपलं. न वळलेल्या विडीने आईची झोप मोडलेली मी कधी पाहिली नाही. आपल्या कामाला असा हजारचा आकडा नाही, ही खरी पंचाईत आहे. पेशंट संपतच नाहीत. म्हणून मी माझा हजार ठरवून घेतला, तो म्हणजे ओव्हर, पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवणं. एकेका कॉटपाशी जाऊन, फाइल हातात धरून, कुठली सलाईन किती उरली, कुणाला काय द्यायचं राहिलं, कुणाचा नातेवाईक घाबरलाय, हे पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी दिलं की माझं सूप भिंतीला. ओव्हर अर्धवट टाकून आले असेन तर टोच लागणं रास्त आहे, तेव्हा मी स्वतः फोन करून राहिलेलं सांगते. एरवी नाही. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाने नर्सिंगची शपथ घेताना आपल्या हातात मेणबत्ती दिली जाते, त्यांनीही १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये हेच लिहिलंय. आपण असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल अशी सोय लावली नाही, तर चांगल्या शुश्रूषेवरही पाणी फिरतं. त्यांनी चोवीस तास हजर राहा असं सांगितलेलं नाही.

आता 'नाही' म्हणायचं कसं? कारण देऊ नका. मी एकदा सांगितलं, सासूबाई आजारी आहेत. दुसऱ्या दिवशी इन्चार्जनी काळजीने विचारलं, "कशा आहेत?" आणि त्या वेळी सासूबाई सिद्धेश्वराच्या देवळात भजनाला टाळ वाजवत होत्या. आठवडाभर मी त्यांना तोंडी तोंडी सलाईन लावत होते. त्यापेक्षा "मॅडम, आज मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला बघा" एवढंच, आणि लगेच. ग्रुपवरचा मेसेज वाचून, तो हात जोडलेला इमोजी बघत तासभर गप्प बसणं वाईट. तेवढ्यात इन्चार्जना दुसरी कुणी मिळाली असती. मला वाटतं टोचणीतली निम्मी तर या गप्प बसण्याचीच असते.

एक मात्र खरं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही नाही म्हटलं की कधी कधी तुमचीच मैत्रीण डबल ओढते. हा सल खरा आहे. आम्ही चौघींनी त्यावर आमच्यापुरता तोडगा काढला. महिन्याच्या सुरुवातीलाच एका वहीत लिहायचं, कुठल्या आठवड्यात कोण जादा ड्युटीला तयार. एका वेळी एकीच, आणि नाइटला जोडून मॉर्निंग कुणीच घ्यायची नाही. इन्चार्ज आधी फणकारल्या. मग त्यांनाच सोपं झालं, कारण आठ जणींना विनवण्यापेक्षा वही उघडणं बरं.

पैसे हवे असतील तर जादा ड्युटी जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. मुलीच्या फीच्या वेळी मी तीन महिने घेतल्यात. फक्त पैसे आधी बोलून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे, आणि 'सेवाभाव' हा शब्द नेमका पगाराच्या दिवशीच ऐकू येतो. कोविडमध्ये, २०२० आणि २०२१ ला, मी न बोलावताही गेले आणि उद्या तशी वेळ आली तर पुन्हा जाईन. पण दर रविवारी येणारी आपत्ती ही आपत्ती नसते.

परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा आमच्याकडे पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल. "मॅडम, आज जमणार नाही." पलीकडून सुस्कारा ऐकू आला. टोचलं का? टोचलं. पिंप भरेपर्यंत टोचत होतं. मग बादल्या, मग हंडे, आणि माठ राहिलेला असतानाच नळ फुसफुसायला लागला, तेव्हा सगळं सोडून आधी माठाकडे धावले.