भोंगा वाजल्यावर हातात किती सेकंद?
धावपट्टीची सुरक्षा आणि टॉवरमधल्या इशारा यंत्रणा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विमानतळाच्या नियंत्रण टॉवरला चारही बाजूंनी काच असते. धावपट्टी डोळ्यांसमोर असताना पडद्यावर रडार कशाला?

उत्तर : काच कामाची आहे ती दिवसा आणि स्वच्छ हवेत. रात्री लांबच्या टोकाला उभं असलेलं विमान दिव्यांच्या गर्दीत हरवतं. मागून पाहिलं तर शेपटाचा पांढरा दिवा आणि धावपट्टीचे पांढरे दिवे यांत फरक करणं अवघडच. धुक्यात तेवढंही दिसत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या लोस रोदेओस विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्या टॉवरकडे ग्राउंड रडार, म्हणजे जमिनीवरची हालचाल दाखवणारं रडार, नव्हतं. पुढे ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेने (धावपट्टीला जोडणाऱ्या विमानांच्या रस्त्याने) धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या वाटेत सापडलं. मृत्यू ११८. तिथेही धुकं होतं आणि त्या दिवशी चालू अवस्थेतलं ग्राउंड रडार नव्हतं.

आजच्या यंत्रणेत तीन स्रोतांची माहिती एकत्र होते. ग्राउंड रडारला विमान असो की बंद पडलेला ट्रॅक्टर, वस्तू दिसते, पण ती कोण हे कळत नाही. दुसरा स्रोत म्हणजे विमानतळाभोवती बसवलेले रिसीव्हर. विमान आपली ओळख ज्या यंत्राने प्रसारित करतं त्या ट्रान्सपाँडरचा एकच संदेश प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो आणि त्या फरकावरून जागा काढली जाते. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते, त्यामुळे रिसीव्हरांची घड्याळं जराही एकमेकांपासून सरकली की पडद्यावरचं विमान धावपट्टीवरून शेजारच्या टॅक्सीवेवर ‘उडी’ मारतं. तिसरा स्रोत एडीएस-बी, म्हणजे विमानाने उपग्रहांवरून काढून स्वतः कळवलेली जागा. उतरल्या उतरल्या वैमानिकाने ट्रान्सपाँडर बंद केला तर यातले शेवटचे दोन्ही आंधळे होतात. म्हणून पार्किंगला पोहोचेपर्यंत तो चालू ठेवायचा असतो. धावपट्टी तपासणाऱ्या गाड्यांवरही ट्रान्समीटर बसवतात तो याचसाठी.

प्रश्न : एवढं सगळं असूनही टक्कर होतेच कशी?

उत्तर : बहुतेक यंत्रणांना नियंत्रकाने कोणाला काय परवानगी दिली हे ठाऊक नसतं. त्या फक्त जागा, वेग आणि दिशा पाहून अंदाज बांधतात. धावपट्टीआधीच्या थांबण्याच्या रेषेकडे येणारं विमान रेषा ओलांडणार की थांबणार हे ते ओलांडेपर्यंत सांगता येत नाही. म्हणजे इशारा मुळातच उशिरा येतो. उतरणाऱ्या विमानाचा वेग १४० नॉट धरला, तर ते सेकंदाला सुमारे ७२ मीटर सरकतं. १५ सेकंदांत एक किलोमीटरहून जास्त. एवढ्यात नियंत्रकाने पडदा पाहायचा, समजून घ्यायचं, माइक दाबायचा, वैमानिकाने ऐकायचं आणि इंजिनांनी पूर्ण जोर धरायचा.

आणि इशारा दिसायला तरी हवा. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर सुमारे ४० सेकंद उभं होतं. उतरणारं एअरबस ए३५० त्यावर आदळलं. एअरबसमधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण दगावले. टॉवरच्या पडद्यावर धावपट्टीचा रंग बदलून इशारा देणारी सोय होती, पण नियंत्रकाच्या ते लक्षात आलं नाही. त्या सोयीला आवाज नव्हता. नियंत्रकाची नजर काचेबाहेर असणं हेच त्याचं काम. नुसत्या रंगाने त्याला सावध करू पाहणं म्हणजे झोपलेल्याला खुणेने उठवण्यासारखं. अपघातानंतर तिथे केवळ त्या पडद्यावर नजर ठेवायला वेगळा माणूस बसवला गेला.

उशिरा येणाऱ्या इशाऱ्यावरचा खरा उपाय म्हणजे परवानग्याच यंत्रणेत नोंदवणं. इलेक्ट्रॉनिक स्ट्रिपवर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक विमानाच्या नोंदपट्टीवर, एका विमानाला उतरण्याची आणि दुसऱ्याला त्याच धावपट्टीवर येऊन उड्डाणासाठी उभं राहण्याची परवानगी टाकली, तर दोघं हलण्याआधीच विसंगती पकडता येते. मात्र नियंत्रकाने तोंडाने दिलेली प्रत्येक परवानगी स्ट्रिपवरही टाकली पाहिजे. एक राहिली की यंत्रणेचा हिशेब चुकला.

प्रश्न : खोटे इशारे खूप येतात असं वाचलं. मग ते गंभीरपणे घेतले जातात का?

उत्तर : अडचण खरी आहे. जोराच्या पावसात रडारवर गोंधळ माजतो. हँगरच्या भिंतीवरून परावर्तित झालेली लहर नसलेलं विमान ‘उभं’ करते. इशाऱ्याच्या मर्यादा सैल केल्या तर खरा इशारा उशिरा येतो, आवळल्या तर भोंगा सारखा वाजतो आणि माणसं आवाज कमी करतात. दुसरा पर्याय जास्त धोक्याचा.

इशारा आल्यावर खरा की खोटा हे तपासत बसायचं नाही. उतरणारं विमान असेल तर लगेच ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. धाव सुरू केलेल्या विमानाला ‘स्टॉप इमिजिएटली’ म्हणायचं, मग कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) घेऊन तेच पुन्हा, कारण पहिली हाक हमखास कोणाच्या तरी बोलण्यात दबते. विमानाचा वेग खूप वाढलेला असेल तर थांबवण्यातच जास्त धोका असतो; ते उडेल असं धरून दुसऱ्याला हलवावं लागतं.

प्रश्न : टॉवरला कळवण्याऐवजी सरळ वैमानिकालाच का कळवत नाहीत?

उत्तर : कळवतात. टॅक्सीवेवर आडवी लाल दिव्यांची ओळ म्हणजे स्टॉप बार. नियंत्रकाने तोंडी परवानगी दिली तरी लाल दिवे पेटलेले असतील तर ओलांडायचं नाही, आधी विचारायचं. ते विझले की पुढचे हिरवे दिवे लागतात आणि विमान गेल्यावर सेन्सर किंवा टायमर लाल पुन्हा पेटवतो. अनेक विमानतळ ते फक्त कमी दृश्यमानतेत वापरतात. आमच्या मते ही काटकसर चुकीची आहे, कारण स्वच्छ रात्रीही माणूस चुकतो. हानेदाचा अपघात काही धुक्यात झाला नव्हता.

अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर याच्या पुढचं पाऊल आहे. तिथे धावपट्टीचे लाल दिवे टेहळणी यंत्रणा स्वतःच लावते, नियंत्रकाच्या बटणाची वाट पाहत नाही. दिवे विझले म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही. ती नियंत्रकाकडूनच घ्यायची.

प्रश्न : विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवरच उतरू लागलं तर?

उत्तर : जुन्या आज्ञावलीला ते कळत नसे. तिचं लक्ष फक्त धावपट्टीवर. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एअर कॅनडाचं विमान टॅक्सीवेवर रांगेत उभ्या चार विमानांच्या दिशेने खाली आलं आणि शेवटच्या क्षणी वर गेलं. नंतर तिथल्या यंत्रणांमध्ये टॅक्सीवेच्या रेषेत येणाऱ्या विमानासाठी वेगळा इशारा जोडला गेला.