मेट्रोला जपानचं कर्ज, मग हिंगोलीला काय?

प्रश्न: मी परळला राहतो, गाव हिंगोलीकडचं. मेट्रो ३ ला, अटल सेतूला जपानचे पैसे. युरोपात म्हणे मागास भागांना फुकट निधी मिळतो. मग मराठवाड्याला बाहेरून काहीच का येत नाही? – एक वाचक, परळ

उत्तर: काहीच नाही असं नाहीये हो, पण आधी एक गोष्ट क्लिअर करतो. जायकाने, म्हणजे जपान सरकारच्या मदत संस्थेने, मेट्रोला आणि सेतूला दिलंय ते कर्ज आहे, फेडायचंय. आणि कर्ज देणारा बघतो की प्रोजेक्ट कागदावर तयार आहे का, तो राबवणारी यंत्रणा दमदार आहे का, पैसे परत येतील का, आणि यात मुंबईशी कोण टक्कर देणार, सांगा!

युरोपचं गणितच वेगळं. तिथे १९७५ पासून प्रादेशिक विकासाचा फंड आहे आणि ज्या भागाचं दरडोई उत्पन्न युरोपियन युनियनच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली त्याला सगळ्यात जास्त वाटा, म्हणजे कोणाचा मंत्री किती वजनदार यावर नाही तर आकड्यावर ठरतं (थोडंफार राजकारण तिथेही चालतंच म्हणा). आणि ते अनुदान असतं, देश आपला हिस्सा घालतो. २०२१ ते २७ साठी असे सगळे फंड मिळून साधारण ३९२ अब्ज युरो, युनियनच्या बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा. पोलंडने त्यातून रस्ते-रेल्वे उभे केले, पण दक्षिण इटलीत इतकी वर्षं पैसा ओतूनही तो भाग उत्तरेच्या मागेच आहे, तेव्हा नुसत्या पैशाने भागत नाही.

जपान आणि आपल्यासारख्या देशादेशांत असा कॉमन खिसा नसतो, म्हणून मराठवाड्याचं खरं भांडण जपानशी नाही, मंत्रालयाशी आहे. दांडेकर समितीने १९८४ लाच अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे, ते मोजून दिलं, घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला मराठवाडा, विदर्भ आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आली, २०१३ ला याच असमतोलावर केळकर समितीचा रिपोर्ट आला, आणि एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली तेव्हा मुंबईत कोणाला फार फरक पडला असं मला तरी दिसलं नाही.

आता तुमच्या हिंगोलीचं. वर्ल्ड बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर दिले ते पोकरासाठी, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी या शेतीच्या प्रकल्पासाठी, त्यात तुमचा जिल्हा आहे. तेही कर्जच, पण फेडणार सरकार, शेतकऱ्याला ठिबक-शेततळ्याचं अनुदान थेट खात्यात. गावाला फोन करून विचारा, आपलं गाव यादीत होतं का आणि अनुदान कोणाकोणाला मिळालं.