कंबर धरून ड्यूटी करणाऱ्या माझ्या सिस्टरला

बाळा,

तुझा मेसेज आणि एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो, दोन्ही मिळालं. बाकीचं सावकाश बोलू. आधी विचारते त्याची खरीखरी उत्तरं दे. लघवी नेहमीसारखी होते आहे ना? लागल्याचं कळतं, सुरू व्हायला अडत नाही, नकळत गळत नाही? शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा नाही ना? कळा एकाच पायात आहेत की दोन्ही पायांत? आता भिंतीला हात लावून नुसत्या टाचांवर चार पावलं चालून बघ. पंजा वर राहतो की खाली पडतो?

यातल्या एकाही गोष्टीत गडबड वाटली तर पुढचं वाचू नकोस. कोणाला तरी बरोबर घे आणि आत्ताच कॅज्युअल्टीत जा. पाठीच्या कण्याच्या तळाशी जो नसांचा जुडगा असतो तो दाबला गेला तर हिशेब तासांचा असतो, हे तू परीक्षेत लिहिलं आहेस. एखाद्या पेशंटची लघवी अशी अडली असती तर तू डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतंस. स्वतःसाठीही उठव. आपल्या बायका पेशंटचं सगळं चार्टवर लिहितात आणि स्वतःचं पोटात ठेवतात, म्हणून हे पहिलं लिहिलं.

तसं काही नसेल, तर मग निवांत वाच. बसवत नसेल तर पोटावर पडून वाच.

रिपोर्टमध्ये ‘एल-४ एल-५ ला डिस्क बाहेर आली आहे, डाव्या बाजूची नस दाबली जाते आहे’ असं आहे, आणि वर ‘डिस्कची झीज’ असंही आहे. एल-४, एल-५ हे कमरेचे शेवटचे दोन मणके आणि डिस्क म्हणजे मणक्यांमधली गादी, हे तुला माहीत आहेच. झीज हा शब्द वाचून तू रात्रभर रडलीस असं लिहिलंयस. सव्विसाव्या वर्षी झीज, म्हणजे चाळिशीत काय होणार? तर ऐक. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांवर माणसांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा छापून आला. त्यात विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज होती, आणि ३० टक्क्यांची डिस्क फुगलेली होती. ऐंशीच्या घरात तर झीज ९६ टक्क्यांना. हे सगळे न दुखणारे लोक बरं का. म्हणजे तुझ्या रिपोर्टमधला झीज हा शब्द वयाबरोबर येणाऱ्या केसांच्या रंगासारखा आहे, त्यावरून तुझं पुढचं आयुष्य वाचता येत नाही.

नस दाबली जाण्याची गोष्ट मात्र खरी आहे. कळ नितंबातून निघून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत जाते असं तू लिहिलंस, ते एल-५ च्या नसेशी बरोब्बर जुळतं. शिंकल्यावर वीज चमकल्यासारखं होतं, तेही त्यातलंच. डिस्कच्या कडेचं कडं फाटून आतला मऊ गर बाहेर येतो, नसेवर दाब येतो आणि त्या गरानं नस सुजते, चिडते. चिडलेली नस हलक्या धक्क्यालाही किंचाळते. म्हणून इतकं दुखतं. ते सोंग नाही आणि तू नाजूकही नाहीस. सिनियर काय म्हणतात ते सोडून दे.

पण त्याच गराचं पुढं काय होतं ते कोणी सांगत नाही. शरीर त्याला परकं समजतं आणि हळूहळू खाऊन टाकतं. बाहेर आलेला तुकडा जितका मोठा, तितका तो पुष्कळदा लवकर आक्रसतो. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. हे आठवडे काढायचे कसे, हाच खरा प्रश्न आहे.

पहिले काही दिवस कॉटवर पडून राहावंसं वाटेल. असह्य असेल तेव्हा पड, त्यात गुन्हा नाही. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की बहुतेकांना हलकं वाटतं. कुशीवर झोपलीस तर गुडघ्यांमध्ये उशी घे. पण ‘तीन आठवडे सक्त बेडरेस्ट’ असं कोणी सांगितलं तर मानू नकोस. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सायटिकाच्या, म्हणजे तुझ्यासारखी पायात उतरणारी कळ असलेल्या, पेशंटचे दोन गट करून पाहिलं होतं. एका गटाला दोन आठवडे झोपवून ठेवलं, दुसऱ्याला नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोक सुधारले होते. झोपून काही मिळालं नाही, आणि पाय मात्र अशक्त होतात, मन तर त्याहून.

उठताना आपण ऑर्थोच्या पेशंटला उठवतो तशी ऊठ. आधी गुडघे वाकव, मग खांदा आणि कंबर एकदम, एका फळीसारखी कुशीवर वळ. पाय कॉटखाली सोड आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या हातानं गादी दाबून अंग वर ढकल. श्वास रोखू नकोस. उभी राहिलीस की क्षणभर तिथंच थांब, मग पाऊल टाक. सकाळी उठल्याबरोबर बादली उचलायची नाही, वाकून लादी पुसायची नाही. आईला सांग की हे नखरे नाहीत. खाली बसायचा संडास असेल तर काही दिवसांपुरती कमोडची खुर्ची आण, भाड्यानंही मिळते.

मग चालायला लाग. घरातल्या घरात, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं, असं धरून चालू नकोस. चालल्यावर थोडं वाढलं आणि तासाभरात पूर्वपदावर आलं तर ते चालेल. रात्रभर वाढून राहिलं तर दुसऱ्या दिवशी चालणं निम्मं कर, बंद करू नकोस. तुला चार्ट ठेवायची सवय आहे, तर एक ठेव; पण त्यात किती दुखलं ते लिहू नकोस, किती चाललीस आणि कळ कुठपर्यंत गेली ते लिही. दर तासाला दुखणं मोजणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही.

कळ कुठपर्यंत जाते, हे महत्त्वाचं आहे. रॉबिन मॅकेन्झी नावाचे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट होते, त्यांनी या गोष्टीवर फार काम केलं. पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायची, असे त्यांचे व्यायाम तू फिजिओच्या विभागात पाहिले असशील. ते करताना पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कमरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. कळ अशी वर सरकणाऱ्यांचं दुखणं पुष्कळदा लवकर उतरतं. उलट ती खाली, पावलाकडे जायला लागली तर तो व्यायाम तिथंच थांबव. म्हणून मोबाइलवर बघून दहा व्यायाम एकदम सुरू करू नकोस. आपल्या फिजिओ मॅडमकडे जा, त्या तुझ्या पायाला कोणता मानवतो ते बघतील.

औषधांचं एक. नाईटला कोणीतरी मैत्रीण डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठोकते आणि बाई पुन्हा राऊंडला लागते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. करू नकोस. दुखणं दबतं, त्या अवस्थेत तू पुन्हा वजन उचलतेस, आणि रिकाम्या पोटी, पाणी न पिता केलेली ही इंजेक्शनं जठराला आणि किडनीला महागात पडतात. डॉक्टरांना दाखव, डोस लिहून घे. नसांच्या दुखण्यावर प्रेगाबॅलिन हे औषध सर्रास लिहिलं जातं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सायटिकाच्या पेशंटवर त्याची चाचणी झाली तेव्हा तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुझं सुरू असेल तर स्वतःच्या मनानं एकदम तोडू नकोस, डॉक्टरांशी बोलून कमी कर. आणि ते घेऊन ड्यूटीवर जात असशील तर गुंगी येते का, यावर लक्ष ठेव. तुझ्या हातात दुसऱ्याचं सलाइन असतं.

गावाकडून फोन येईलच. पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घे म्हणतील, नाहीतर हाडवैद्याकडे नेतील. उसण भरली असेल तर ती तशीही चार-आठ दिवसांत उतरते, श्रेय लाथेला मिळतं. पण तुझी नस दाबलेली आहे. आजीचा मान ठेव, तिच्या हातचा गरम शेक घे, तेल हलक्या हातानं लावू दे. कोणालाही पाठीवर पाय द्यायला, कंबर पिळून ‘बसवायला’ देऊ नकोस. कमरेचा पट्टा प्रवासापुरता लाव, दिवसभर नको.

तुझ्या डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारून घे. पहाटे कंबर आखडून जाग येते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, असं पूर्वीपासून होत होतं का? तुझ्या वयात तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. आणि संध्याकाळचा ताप, वजन उतरणं? तू चेस्ट वॉर्डात काम केलं आहेस. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही. एमआरआयमध्ये तसं दिसत नाही, तरी सांगितलं पाहिजे.

ऑपरेशनला तू फार घाबरली आहेस. पुन्हा नेदरलँड्सचंच सांगते, २००७ चं. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या पेशंटपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची पायाची कळ लवकर गेली. वर्षाअखेरी दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असं सांगितलं, मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे पायातली ताकद शाबूत असेल तर निवड तुझी आहे. सोसवत असेल तर थांबायला हरकत नाही, सोसवेनासं झालं तर ऑपरेशन म्हणजे हार नाही. पंजातली ताकद कमी होत चालली तर मात्र थांबायचं नाही. म्हणून टाचांवर चालून बघणं रोज सकाळी, दात घासण्याइतकं नेमानं.

लग्नाचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, म्हणजे तेच मनात जास्त आहे. सायटिका होऊन गेलेल्या बायकांची बाळंतपणं नीट होतात. आई म्हणते तसं स्थळाकडून लपवून ठेवू नकोस. पाठदुखी ऐकून मागं फिरणाऱ्या घरात सुनेला पुढं काय काय उचलायला लावतील, याचा विचार आईलाच करायला सांग.

आता कामाचं, कारण दुखणं तिथून आलं आणि तू परत तिथंच जाणार आहेस. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय सुमारे दहा किलोचा असतो. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी २००७ साली हिशेब मांडला, की पेशंट शहाण्यासारखा सहकार्य करत असेल तरीही एका माणसानं हातानं ३५ पौंड, म्हणजे सोळा किलोच्या वर उचलू नये. आपल्या वॉर्डात पेशंट ना सहकार्य करतो, ना शुद्धीत असतो. कॉट वर-खाली करायचं हँडल मोडलेलं असतं. आणि तू एकटी, काखेत हात घालून, कमरेत वाकून आणि वळून त्याला वर ओढतेस. गुडघ्यात वाकून उचला असं आपल्याला शिकवलं. तेवढ्यानं पाठ वाचत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. वजनच कमी झालं पाहिजे.

म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं. पेशंटखाली ड्रॉ शीट, म्हणजे सरकवायची आडवी चादर, कायम असू दे, मांड्यांपासून खांद्यांपर्यंत. दोन बाजूंना दोघी, चादर गुंडाळून पेशंटच्या अंगालगत पकडायची, पेशंट ऐकत असेल तर त्याला हनुवटी छातीला लावून गुडघे उभे करायला सांगायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदम वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकायचं. कंबर वळवायची नाही, पावलं वळवायची. ट्रॉलीवर घेताना चार माणसं लागतात. तीन पुरत नाहीत. वॉर्डबॉय मामा जेवायला गेले असतील तर ‘थांबा, मामा येऊ देत’ हे वाक्य तोंडातून निघालं पाहिजे. नातेवाईक ओरडतील, त्यांच्यातल्याच दोन धडधाकट पोरांना हात लावायला सांग, कुठं धरायचं ते दाखव. पेशंट पडत असेल तर त्याला पेलू नकोस, तुझ्या मांडीवरून सावकाश जमिनीवर उतरव. हे तुला क्रूर वाटेल. पण एका झटक्यात त्याच्याबरोबर तूही पडलीस तर वॉर्डात दोन पेशंट होतात.

पहिला महिना तरी वॉर्ड नको, नाईट तर नकोच. ओपीडी, इंजेक्शन रूम, लसीकरण, असं काहीतरी माग, जिथं अर्धा तास बसून उठता येईल. सहा तास सलग खुर्चीवर बसवलं तरी कंबर भरून येईल, तेही लिहून दे. तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्याच्या ड्यूटी लिस्टमध्ये राहत नाही. अर्जात आजाराचं नाव, डॉक्टरांचा सल्ला, ‘वजन उचलण्याचे काम देऊ नये’ हे शब्द आणि तारीख असू दे. कच्चा अर्ज मला आधी पाठव, मी बघून देते. मेट्रन मॅडमकडे जाशील तेव्हा दोन प्रती ने, एकीवर आवकचा शिक्का मारून घे आणि ती घरी नीट ठेव.

तुझी,
इन्चार्ज सिस्टर